अण्णांचा नकार

गेल्या महिन्यात आमच्याच गावातल्या विजयनगरातून एका तरुण गृहस्थांचा फोन आला. मराठी मंडळाचे ते हल्लीचे कार्यकर्ते. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, बोलणं गोड आणि मराठी पुस्तकातल्यासारखी स्वच्छ. मंडळाच्या जुन्या माणसांविषयी काही लिहून घ्यायचं चाललंय म्हणाले, आणि मग सहज म्हणून गेले, "तुमचे वडील फार विनयशील होते असं ऐकलंय. मंडळाने कितीदा बोलावलं तरी व्याख्यानाला उभे राहिले नाहीत म्हणे." हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं. सगळेच सांगतात, म्हणाले. मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला, आणि मग बायकोने नवा घ्यावा लागेल का म्हणून तो उचलून पाहिला.

माझे वडील उभे राहिले होते. मी दाराशी उभा राहून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलंय. हॉलमध्ये त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या आणि माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली. मंडळाच्या स्मरणातून ती संध्याकाळ का गळली हेही मला ठाऊक आहे. ती मंडळाने आपण होऊन दिलेली नव्हती, मी ती मंडळाकडून घासाघीस करून घेतली होती. पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले. माझा धंदाच तो. बंद पडलेल्या कारखान्यांचे लेथ, प्रेस, मोटारी घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या. बेळगोळला माझी शेड आहे, तिच्या पाटीवर माझं पूर्ण नाव आहे, आणि या भागातला कुठलाही कारखानदार सांगेल की हा म्हातारा चहा संपेपर्यंत हसतो आणि मग बोलायला लागतो. पण माझा पहिला सौदा हा, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगलाही हाच. तो एकदा नीट लिहून ठेवतो.

आमचं घर अग्रहारात, गावाच्या जुन्या वस्तीत होतं, एका मोठ्या घराचा मागचा भाडोत्री भाग. दोन खोल्या, पुढे अरुंद ओटी, आणि गल्लीच्या पलीकडे पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की तिचा लांब पट्टा फटफट वाजे, ओटीवर पिठाची भुकटी येऊन बसे आणि घरातल्या घरात बोलायचं तरी आवाज चढवावा लागे. आमच्या घरी सगळे मोठ्याने बोलतात असं मला पुढे सासरवाडीकडच्यांनी सांगितलं, त्याचं कारण ती गिरणी. आमटीला आम्ही हुळी म्हणत असू आणि पुरणपोळीला होळिगे. सकाळी उप्पिट्टू, दुपारी भात, त्यावर हुळी, शेवटी ताकभात आणि बाजूला तेलात कालवलेली चटणीपुडी. आईच्या हुळीत मूठभर कढीपत्ता असे, तो बाजूला काढून ठेवायची मुभा नव्हती. मराठी आमची आम्हालाच कळेल अशी. तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं होतं की वेगळं काढायला गेलं तर भाषा विरून जाईल. हल्ली पुण्या-नाशिकहून आलेली मंडळी आमचं बोलणं ऐकून गालात हसतात. हसोत. माझं भाडं, माझी दुकानं आणि माझी भांडणं मी त्याच मराठीत निभावली आहेत.

या घराला एक कडक रीत होती. कशालाही पहिल्या झटक्यात हो म्हणायचं नाही. पानात दुसरी होळिगे हवी असली तरी आधी 'साकु' म्हणायचं, म्हणजे पुरे. वाढणारीने पुन्हा विचारलं की पानावर हात आडवा धरायचा. तिसऱ्यांदा विचारलं की तो हात किंचित वर उचलायचा, म्हणजे मधल्या फटीतून होळिगे आत सरके. आमच्यातल्या बायकांना ही फट बरोबर दिसत असे. एकदा एका श्रीमंत लग्नात भाड्याचे वाढपी होते. मी 'साकु' म्हणालो आणि तो पुढच्या पानावर गेला. मी पानावर हात आडवा धरून बसून राहिलो, पंगत उठली तरी. माझ्या शेजारी बसलेल्या मामांचंही तेच झालं होतं, पण ते पान चाटूनपुसून घेतल्यासारखे तृप्त चेहऱ्याने उठले. अशी आमची माणसं.

रीत खाण्यापुरती असती तर एक वेळ चाललं असतं. कुणी आईच्या चकल्यांना चांगलं म्हटलं की ती लगेच म्हणे, यंदा भाजणी बिघडली. कुणी घर नीटनेटकं आहे म्हटलं की, छे, पसारा आहे नुसता. इथवर मी समजू शकत होतो. पण पाहुण्यांनी माझ्याकडे पाहून "हा मोठा का?" म्हणून विचारलं की अण्णा म्हणत, "हो, विशेष काही नाही, पीयूसीत नापास झाला." मी पीयूसीत, म्हणजे बारावीला, नापास झालो होतो हे खरं. पण विजेच्या मोटारींची तार नव्याने गुंडाळायच्या एका वर्कशॉपमध्ये मी तेव्हाच मालकाच्या बरोबरीने काम करत होतो आणि जळकी मोटार नुसत्या वासावरून ओळखत होतो, तेही खरं होतं. ते कुणी सांगत नसे. स्वतःला कमी लेखायचं असेल तर खुशाल लेखा, माझा विनय तुम्ही परस्पर का करता, असं मी एकदा जेवताना म्हणालो. अण्णांनी घास गिळला आणि म्हणाले, "मुलगा म्हणजे आपलाच भाग. त्याची स्तुती ती आपलीच स्तुती." एवढं सोडवून दिल्यावर पुढे भांडायचं कुणाशी? मी ताट तसंच ठेवून उठलो. माझा राग तेव्हापासूनचा आहे, तो धंद्याने आलेला नाही.

अण्णा एका कन्नड हायस्कुलात हिंदी शिकवत. गावात सगळे त्यांना राव मेष्ट्रु म्हणत. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. हिंदी हे त्यांचं पोट होतं आणि मराठी-कन्नड जुनी कविता हा त्यांचा जीव. संध्याकाळी शाळेतून आले, काळी कॉफी झाली, की ते पुस्तकं घेऊन बसत आणि त्यांचा कित्येक वर्षांचा एकच विषय असे: विनय. माणसं स्वतःला लहान का म्हणवून घेतात, कविता त्याविषयी काय म्हणते, नीतीचा विचार करणारे काय म्हणतात, देवापुढचा लहानपणा आणि माणसांपुढचा लहानपणा एकच का. जेवताना ते आईला विचारत, "जो माणूस स्वतःला पायाची धूळ म्हणतो, त्याला खरोखर तसं वाटत असेल तर तो गप्प बसेल. धूळ बोलते का? मग याने कविता का केली?" आई म्हणे, "भात घेणार का ते सांगा आधी." ते "साकु" म्हणत. ती वाढे.

या विषयावर मंडळात बोलावं अशी त्यांची फार इच्छा होती. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मला कळलं होतं. गिरणी सुरू झाली की ते मागच्या खोलीचं दार लोटून घेत आणि भाषण करत. पट्ट्याच्या फटफटीत आपला आवाज कुणाला जात नाही असं त्यांना वाटे. आम्ही दोघं, आई आणि मी, ओटीवर बसून ऐकत असू. शब्द कळत नसत, पण चढउतार कळत. कधी ते थांबत, बहुधा तिथे लोक हसणार असत. मग पुन्हा सुरू होत. गिरणीवाला दळण संपवून पट्टा उतरवी, त्याच क्षणी अण्णांचा आवाजही मध्येच तुटे आणि ते पाणी प्यायला बाहेर येत.

मंडळाची हिवाळ्यात व्याख्यानमाला असे, तीन संध्याकाळी. त्या वर्षी शेषगिरीराव नव्याने कार्यवाह झाले होते. आमच्यातलेच, पण उभा जन्म फौजेत काढून निवृत्त होऊन परतलेले. मिशा, पॉलिश केलेले बूट, आणि मंडळात शिस्त आणायची उमेद. एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. आईने कॉफी दिली. ते म्हणाले, रावसाहेब, यंदाची तिन्ही व्याख्यानं तुम्हीच द्यावीत असं कमिटीच्या मनात आहे, विषय तुमचा तो विनयाचा. मी ओटीवर सायकलचं पंक्चर काढत होतो, माझा हात थांबला. आईच्या हातात ओगराळं होतं, तेही थांबलं. अण्णा हसले, मान हलवली आणि म्हणाले, "छे हो, मी कसला वक्ता. एखादा खरा विद्वान बघा."

"बरं," शेषगिरीराव म्हणाले. त्यांनी कॉफी संपवली, आईला चांगली झाली म्हणून सांगितलं आणि बूट घालून निघून गेले.

अण्णा त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले होते, ते तिथेच उभे राहिले. शेषगिरीराव गल्लीच्या टोकाला वळले तरी ते पाहत होते. माणूस परत फिरेल, दारातून तरी एकदा म्हणेल, असं त्यांना वाटत असावं. आमच्या माणसांत असं कधी झालंच नव्हतं. पहिल्या नाहीला नाही समजणारा माणूस त्यांना आयुष्यात प्रथमच भेटला होता. आठवड्याभरात कळलं की तिन्ही संध्याकाळी धारवाडच्या एका प्राध्यापकांना दिल्या. अण्णा म्हणाले, "उत्तम झालं. मोठा माणूस आहे." त्या दिवशी गिरणी संध्याकाळभर चालली. मागच्या खोलीतून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. आई म्हणाली, दार तरी लोटून घ्या. ते म्हणाले, कशाला?

हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. माणसाने एक गोष्ट इतकी वर्षं घासूनपुसून तयार करावी आणि ती एका 'छे हो'पायी जावी? मी वर्कशॉपमधून निघालो तो तेलकट कपड्यांनी थेट शेषगिरीरावांच्या घरी. ते बागेतल्या कुंड्या एका रेषेत लावत होते. मी म्हणालो, काका, अण्णांनी नाही म्हटलं ते खरं नव्हतं.

"म्हणजे राव मेष्ट्रु खोटं बोलले?"

"खोटं नाही. रीत आहे. पुन्हा विचारायचं असतं."

"फौजेत नाही म्हणणाऱ्याला पुन्हा विचारत नाहीत. त्याला घरी पाठवतात."

माझे हात शिवशिवले. पण कुठून अक्कल आली कोण जाणे, मी भांडलो नाही. त्यांच्या कुंड्यांकडे पाहत राहिलो आणि विचार केला की या माणसाला काय हवंय. आदल्या वर्षी मी व्याख्यानाला हॉलमध्ये मायक्रोफोन जोडायला गेलो होतो. वक्त्यासमोर पुढची एक रांग भरलेली होती, मागे सगळ्या रिकाम्या खुर्च्या, आणि त्यांत एक कुत्रा झोपलेला. नव्या कार्यवाहाला यंदा तसं होऊन चालणार नव्हतं. मी म्हणालो, काका, तुमच्याकडे वक्ता आला, ऐकणारे कुठून आणणार? त्यांनी हातातली कुंडी खाली ठेवली, म्हणजे घाव बसला होता. मी म्हणालो, हॉल मी भरून देतो, दारापर्यंत. त्याच्या बदल्यात तिन्ही संध्याकाळी अण्णांच्या. ते मोठ्याने हसले. प्राध्यापकांना शब्द दिलाय, असं कसं होईल. मग दोन द्या. दोनही नाही. बराच वेळ आम्ही त्या कुंड्यांमध्ये उभे राहून ओढाताण केली आणि शेवटी मधल्या एका संध्याकाळवर आलो. त्यांनीही आपली अट घातली: हॉल भरला नाही तर वर्षभर मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या खुर्च्या मी मांडायच्या आणि मीच उचलायच्या. मी कबूल झालो आणि माझी शेवटची अट सांगितली. तुम्ही पुन्हा घरी यायचं आणि आग्रह करायचा. पहिल्या नाहीला सोडायचं नाही, दुसऱ्याही नाहीला नाही. तिसऱ्यांदा ते हो म्हणतील. मी आलो होतो हे मात्र कळू द्यायचं नाही.

ते आले, बूट वाजवत. आईने त्या दिवशी उप्पिट्टू केलं होतं. शेषगिरीरावांनी खुर्चीच्या टोकावर ताठ बसून विचारलं. अण्णा छे छे म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी त्याच शब्दांत, त्याच आवाजात, हजेरी घेतल्यासारखं. अण्णा म्हणाले, आता प्राध्यापक येताहेत, त्यांच्यापुढे मी म्हणजे काय. मी ओटीवरून मनातल्या मनात त्यांना ढकलत होतो. शेषगिरीरावांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि अण्णा नुसते हसले, बोललेच नाहीत. आमच्यातला माणूस ते हसू ओळखता. हात वर उचलल्यासारखंच होतं ते. पण या फौजी माणसाला फट कुठे दिसते. त्यांचा धीर सुटला.

"रावसाहेब, तुमचा मुलगा म्हणाला होता तिसऱ्यांदा तुम्ही हो म्हणाल. हे तिसरं झालं. आता काय करू?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी मला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ना रागाने, ना मायेने. आई बशी घेऊन दारात उभी होती, ती तशीच आत वळली. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला आणि शेषगिरीरावांना विचारलं, "कुठला दिवस?"

"मधला."

"येतो," अण्णा म्हणाले, आणि उठून मागच्या खोलीत गेले.

माझ्याशी ते त्यानंतर बोलेनासे झाले. काही सांगायचं तर आईला सांगत, मी समोर बसलेला असताना. मला तेव्हा त्याची पर्वा करायला सवड नव्हती, मला हॉल भरायचा होता. मंडळाची मराठी घरं मोजकी, त्यातून थंडीचे दिवस; तेवढ्यांवर पुढच्या दोन रांगाही भरल्या नसत्या. पण राव मेष्ट्रुंनी गावातल्या निम्म्या पोरांना हिंदीचे फटके दिले होते, आणि ती पोरं आता मोठी होऊन दुकानांत, बँकांत, बसच्या डेपोत पसरली होती. त्यांच्याकडे मी गेलो. सगळ्यांत मोठा मासा कृष्णराजनगरला होता. पुट्टस्वामी नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी तिथे भाताच्या गिरणीचा मालक झाला होता. मी बसने त्याच्याकडे गेलो. अंगभर कोंडा, कपाळावर विभूती, आवाज त्याच्या गिरणीहून मोठा. मेष्ट्रु भाषण करणार हे ऐकून त्याने काम थांबवलं. मला हिंदीत दरवर्षी नापास करणारा माणूस असं काय बोलतो ते ऐकायलाच पाहिजे, म्हणाला. टेम्पो भरून माणसं आणतो, तू जागा ठेव.

परत येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की मी जमवलेली बहुतेक माणसं कन्नड आहेत आणि व्याख्यान मराठी मंडळात आहे. मी आईमार्फत अण्णांना हे कळवलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीतून दोन्ही भाषा ऐकू यायला लागल्या. एक वाक्य मराठी, मग तेच कन्नडमध्ये, मग कन्नड बरं वाटलं तर मराठी बदलून. गिरणीवाल्याने पट्टा उतरवला तरी आवाज थांबला नाही. शेजारणीने येऊन विचारलं, मेष्ट्रुंना बरं आहे ना. आई म्हणाली, हो, फार चांगलं बोलतात ते, तुम्ही या ऐकायला. माझ्या देखत आईने आपल्या घरातल्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हटलेलं ते पहिलंच.

त्या संध्याकाळी पुट्टस्वामीचा टेम्पो मंडळासमोर येऊन थांबला आणि त्यातून माणसं उतरतच राहिली. बस डेपोतले लोक खाकी कपड्यांतच आले. आमच्या मंडळाच्या मंडळींनी शाली सावरून एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या रांगेत धारवाडचे प्राध्यापक बसले होते, त्यांच्याशेजारी शेषगिरीराव, मान वळवून वळवून खुर्च्या बघत. अण्णांनी काळा कोट घातला होता. ते उभे राहिले तेव्हा त्यांचे हात टेबलाच्या कडेवर घट्ट होते. पहिलंच वाक्य ते असं बोलले: "मला आग्रह करून बोलावलं असं तुम्हाला सांगतील. तो आग्रह माझ्या मुलाने करवला. मी नाही म्हणालो होतो, आणि मला यायचं होतं." तेच त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. आधी मराठी लोक हसले, मग कन्नड लोक, आणि मी दाराआड झालो.

मी पुस्तकातला माणूस नाही. पण त्या दिवशीचं मी आजही सांगू शकतो. अण्णा म्हणाले, आपले मराठी संत स्वतःला दासांचे दास म्हणतात, पण अभंगाच्या शेवटच्या चरणात आपलं नाव घालतात. कन्नड वचनकार आपलं नाव घालत नाहीत, शेवटी आपल्या आराध्य देवाचं नाव घालतात. मग अधिक विनयी कोण? डेपोतली माणसं खूश झाली, शालीवाल्यांच्या भुवया वर गेल्या. अण्णा थोडे थांबले. घरी गिरणीच्या आवाजात ते थांबत, तसेच. मग म्हणाले, जो देवाचं नाव घालतो तो म्हणतो, यात काही चांगलं असेल तर ते तुझं. जो आपलं नाव घालतो तो म्हणतो, यात काही चुकलं असेल तर ते देवाच्या माथी मारू नका, ते माझं. एक श्रेय सोडतो, दुसरा दोष पत्करतो. दोन्ही विनयच, आणि दोन्हींना छाती लागते. "पण तिसरा एक प्रकार आहे, तो माझ्या घरात चालतो. खाली कुणाचंच नाव घालायचं नाही. बोलायचंच नाही, म्हणजे चुकायचंही नाही. त्याला मी आजवर विनय समजत होतो. ती भीती आहे, आणि तिने अंगावर विनयाची शाल घेतलीये."

त्यानंतर ते तासभर बोलले असतील. राजापुढे लहान होणाऱ्या कवीविषयी, शिष्यापुढे लहान होणाऱ्या गुरूविषयी, बायकांना शिकवला जाणारा विनय पुरुषांना का शिकवला जात नाही याविषयी. त्या वेळी आई पुढे सरकून बसली. मी खुर्च्यांकडे एकदाही पाहिलं नाही. मला कळत होतं की या हॉलमध्ये यापूर्वी असं कुणी बोललेलं नाही. हा माझा बाप आहे, असं मला त्या सगळ्या खाकी कपड्यांना ओरडून सांगायचं होतं.

शेवटी पुट्टस्वामी उभा राहिला. प्रश्न विचारायची पद्धत नव्हती, पण त्याला कोण बसवणार. त्याने विचारलं, मेष्ट्रे, ते देवाचं नाव आणि आपलं नाव, श्रेय आणि दोष, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, मला माझ्या मुलाला दाखवायचंय. अशा वेळी अण्णांचं ठरलेलं उत्तर असे, मोठ्या लोकांनी सांगून ठेवलंय, मी आपला हमाल. ते येणार म्हणून मी दात आवळले. अण्णांनी टेबलावरचा हात काढला.

"इदु नन्नदु," ते म्हणाले. मग मराठी रांगांकडे वळून, "कुठल्या पुस्तकात नाही. हे माझं आहे."

टाळ्या मागून सुरू झाल्या, पुढच्या रांगेपर्यंत पोचायला वेळ लागला. प्राध्यापक उठून उभे राहिले, ते मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. शालीवाले मात्र बाहेर जाताना कुजबुजत होते, मराठी मंडळ का कन्नड संघ, आणि भर सभेत 'हे माझं आहे' म्हणणं बरं दिसतं का. आभार मानताना शेषगिरीरावांनी प्राध्यापकांचे मानले, मायक्रोफोनवाल्याचे मानले, हॉलच्या शिपायाचे मानले. अण्णांचं नाव राहून गेलं. पुढे मंडळाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही, आणि हळूहळू ते कधी बोललेच नाहीत असं झालं. गोष्ट पुसणं इतकं सोपं असतं. मंडळाच्या दृष्टीने राव मेष्ट्रु विनयी होते, म्हणजे ते गप्प राहिलेले असले पाहिजेत. मंडळाने मला पुढे देणग्यांसाठी पुष्कळदा फोन केले. मी प्रत्येक वेळी हाच हिशेब काढला आणि प्रत्येक वेळी समोरच्याला तो कळला नाही.

हॉलमधून आम्ही चालत घरी निघालो. आई शेजारणीबरोबर पुढे होती, मोठ्याने बोलत. अण्णा आणि मी मागे. इतक्या दिवसांत माझ्याशी ते बोलले नव्हते. रस्त्यावर शेंगावाल्याची शेगडी धगधगत होती, बसस्टँडकडून शेवटच्या गाड्यांचे हाका मारणारे ओरडत होते. अग्रहाराच्या चौकात आल्यावर त्यांनी विचारलं, त्या शेषगिरीशी काय काय बोलणं झालं ते नीट सांग. मी सांगितलं. कुंड्या सांगितल्या, रिकामा हॉल सांगितला, कुत्रा सांगितला, माझी अट आणि त्यांची अट सांगितली. ते खाली बघत ऐकत होते, मध्ये मध्ये हं म्हणत.

"संध्याकाळी तीन होत्या," ते म्हणाले.

"हो. तिन्ही मागितल्या होत्या मी."

"मग एकीवर का मिटवलंस?"

मला वाटलं ते रागावलेत. मी म्हणालो, ते पुढे सरकायलाच तयार नव्हते, प्राध्यापकांना शब्द दिला होता, एवढं मिळालं तेच पुष्कळ होतं. अण्णा थांबले. चौकातल्या दिव्याखाली त्यांनी मला एकदा नीट पाहून घेतलं, वर्गात चुकलेलं उत्तर ऐकून पाहत असतील तसं.

"हॉल भरायचा होता तो त्याला. निकड त्याची होती," ते म्हणाले. "तू निघून जायला लागला होतास का?"

"नाही."

"निघायचं असतं," अण्णा म्हणाले, आणि चालायला लागले.